रेघ चुकली की तुम्ही?

अहो, तेराव्याची मंडळी आपापल्या गावी गेली, मांडवाचे बांबू निघाले आणि लगेच नदी चढायला लागली. तुमच्या फोटोचा हार अजून पुरता वाळलाही नव्हता. भोंग्याची गाडी गल्लीतून फिरून गेली, नदीकाठच्या लोकांनी सावध राहा म्हणून सांगत, आणि मी सवयीनं आतल्या खोलीकडं तोंड करून ओरडले, "ऐकलं का हो?" मग माझ्याच आवाजाची मला भीती वाटली. आत्या, तुमच्या आई, कॉटवरून माझ्याकडं बघत होत्या.

मला भीती वाटते, हे आधीच सांगून टाकते. आपल्या घरात कामाची वाटणी ठरलेली होती. घाबरायचं मी, आणि "काही होत नाही" म्हणायचं तुम्ही. तुम्ही तसं म्हणालात की मी चिडायचे, भांडायचे, पण आतून मला बरं वाटायचं. आता घाबरायचं काम तेवढं चालू आहे आणि दुसऱ्या जागेवर कुणीच नाही.

तुमच्या शाळेतली माणसं येऊन गेली. सरांवर चार ओळी लिहून द्या म्हणाली, त्यांना अंकात छापायचंय. जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, कोणकोणते विद्यार्थी मोठे झाले, ते सगळं त्यांच्यापाशी आहे. मला त्यांच्या अंकात शिरायचं नाही. मला तुमच्याशी बोलायचंय, आणि तेही एका शब्दाबद्दल. तो शब्द आपल्या व्हरांड्याच्या भिंतीवर अजून आहे. पांढऱ्या ऑइलपेंटनं, इंग्रजीत, तुमच्या त्या फळ्यावरच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेला: राँग. मागं नाम नाही, पुढं वाक्य नाही. एखाद्या पोरानं असं लिहून दाखवलं असतं तर तुम्ही त्याचा कान धरून विचारलं असतं, काय राँग? कोण राँग? वाक्य पूर्ण कर.

तुम्ही मात्र ते कधी पूर्ण केलं नाही.

या शब्दावर तुमचा जीव होता, हे मला ठाऊक आहे. व्हरांड्यात शिकवणी चालायची आणि मी आत भाजी निवडत सगळं ऐकायची. "गणिताचं उत्तर इनकरेक्ट असतं," तुम्ही सांगायचा. "माणसाची समजूत मिस्टेकन असते. आणि राँग? राँग कुठंही जाऊन बसतं. नंबर राँग, रस्ता राँग, वेळ राँग, केलेलं काम राँग, माणूसही राँग. वडूजच्या पाहुण्यासारखं आहे ते. ज्याची ओसरी दिसेल तिथं टेकतं." पोरं हसायची. एखादं म्हणायचं, "सर, राँग साइड?" "ती तुला काय शिकवायची? तू रोज पुलावरून तसाच येतोस की." तुम्ही स्वतः वडूजचे असल्यामुळं पाहुण्याचा विनोद तुम्हाला चालायचा. मी केला असता तर आठवडाभर फुगून बसला असता.

एकदा मी आतूनच विचारलं होतं, "मग 'आय ॲम राँग'चं मराठी काय कराल, सर?" मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतली बाई, तुम्ही हायस्कुलातले इंग्रजीचे. हा सामना आपल्या घरात रोजचाच होता. तुम्ही म्हणालात, "मी चुकीचा आहे." मी म्हटलं, "असं कोण बोलतं? आपण म्हणतो, माझं चुकलं." तेव्हा तुम्ही पोरांकडं वळून अगदी विजयी आवाजात म्हणालात, "बघा! इंग्रजीत माणूस स्वतः राँग होतो. आपल्याकडं चुकतं ते आपलं काहीतरी. आपण स्वतः बाजूला उभे, शाबूत." पोरांना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पातेलं आपटून म्हटलं, "मग एकदा इंग्रजीत म्हणून दाखवा की स्वतःबद्दल." तुम्ही म्हणालात, "वेळ आली की म्हणेन, बाई. घाई काय आहे?"

आणखी एका ठिकाणी तुम्ही तो शब्द वापरायचा, आणि तो वापर मला मनापासून आवडायचा. मी गप्प बसले, ताटातलं टाकलं, दिवा न लावता बसून राहिले की तुम्ही चष्मा कपाळावर चढवून विचारायचा, "काय बाई, व्हॉट इज राँग?" यातलं राँग वेगळं असतं, हे तुम्हीच सांगितलं होतं. यात कुणाची चूक काढायची नसते. काय दुखतंय, काय सलतंय, एवढंच विचारायचं असतं. तेराव्याला इतकी माणसं आली, इतकं बोलली, पण मला हे विचारणारं कुणी नव्हतं. तेवढ्यासाठी तुमचे उपकार मानायचे राहून गेले.

घर घेतलं तेव्हा व्हरांड्याच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला एक तपकिरी डाग होता. आधीच्या मोठ्या पुराचा. जुन्या मालकांनी तो मोठ्या अभिमानानं दाखवला होता, पाणी इथवर आलं होतं म्हणून. रंगकामात तो जाईल म्हणून तुम्ही त्याच्यावरून लाल रेघ ओढून घेतलीत, पट्टी लावून, सरळ. नदीकाठच्या कितीतरी घरांत अशी रेघ असते. मोठ्यात मोठा पूर इथवर आला, आता याच्या वर येत नाही, असं त्या रेघेकडं बोट दाखवून सांगायचं. एका पुराचं माप पुढच्या सगळ्या पुरांना लावायचं, ही खास आमची चूक. बाहेरच्या माणसाला ती सुचायचीही नाही; तुम्ही ती इथं येऊन शिकलात.

माझं माहेर डिग्रजचं, नदीच्या कुशीतलं. माझे वडील नदीबद्दल कधी ठाम बोलायचे नाहीत. बघू, म्हणायचे. तुम्ही दुष्काळी वडूजचे. येरळा नदीच्या कोरड्या वाळूत खड्डा करून वाटीनं पाणी भरलेली तुमची आई. तुम्हाला भरलेली नदी दिसली की मूल जत्रेला जावं तसे तुम्ही पुलावर जायचा. पाणी किती फूट झालं ते विचारून यायचा आणि गल्लीला सांगायचा. हळूहळू गल्लीच तुम्हाला विचारायला लागली. सर काय म्हणतात? सर म्हणतात रेघेच्या वर येत नाही. मग लोक निवांत झोपायचे. तुम्हाला ते फार आवडायचं, नाही म्हणू नका.

मग तो दुसरा पूर आला. त्याबद्दल आपण दोघं नीट कधी बोललोच नाही. कोयनेचे दरवाजे उघडल्याची बातमी आली, पाणी गल्लीत शिरलं, पायऱ्यांना लागलं. समोरच्या चौगुले वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "सर, हलायचं काय? हळदीची पोती हाईत वो दुकानात. टेम्पो बोलवू काय?" तुम्ही त्यांना आपल्या भिंतीशी नेलंत. रेघ दाखवलीत. "याच्या वर फळ्या टाका, त्यावर पोती रचा. काही होत नाही." वहिनींनी तसंच केलं. पोती रेघेच्या हातभर वर रचली आणि त्या स्वतःच्या माडीवर चढून बसल्या. बाकीच्या गल्लीनंही तेच केलं.

रेघ पाण्याखाली गेली तेव्हा मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होते. तुम्ही माझ्या शेजारी होता. मला वाटलं, आता तुम्ही काहीतरी बोलाल. तुम्ही बोलला नाहीत. पाणी दाराच्या चौकटीच्याही वर गेलं. खालचा फ्रिज आडवा होऊन तरंगायला लागला आणि जिन्याच्या भिंतीवर धडका द्यायला लागला. त्याचा तो आवाज मी अजून विसरलेली नाही. भांडं जरी कशावर आपटलं तरी मी हातातलं काम टाकून जिन्याकडं बघते.

आत्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, दोरानं आवळून गॅलरीतून बोटीत सोडलं. डोळे गच्च मिटून त्या "सदाऽ, सदाऽ" ओरडत होत्या आणि तुम्ही वरून "आई, मी आहे, आई, मी आहे" म्हणत होता. दोर धरलेले तुमचे हात थरथरत होते. मी ते पाहिलं आणि त्या दिवशी मला पाण्यापेक्षा त्या हातांची जास्त भीती वाटली. माझा सगळा धीर त्याच हातांवर होता.

बोट वहिनींच्या दुकानापुढून गेली. तिथलं पाणी पिवळंधम्मक झालं होतं. वहिनी बोटीतच होत्या, आपल्या समोर बसलेल्या. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सर, तुमच्या रेघंवर इस्वास ठेवला वो आमी." तुम्ही मान खाली घातलीत. बोटीतलं कुणीच तुम्हाला दुसरं काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

पाणी उतरलं, चिखल काढला, भिंती धुतल्या. भाद्रपद आला. वहिनी दिगंबर जैन. त्यांचं दहा दिवसांचं पर्व संपलं की त्या दर वर्षी क्षमा मागायला दारी येतात. त्या वर्षीही आल्या. दुकान अजून रिकामं होतं, अंगणात ओली पोती वाळत टाकलेली होती, आणि त्या हात जोडून म्हणाल्या, "उत्तम क्षमा, सर. वर्षभरात काय चुकलं आसंल तर क्षमा करा." इतर वर्षी तुम्ही त्यांची थट्टा करायचा, काय चुकलं ते आधी सांगा म्हणायचा, आणि त्या म्हणायच्या, "ते सांगायचं नसतंय सर, नुसतं मागायचं असतंय." त्या वर्षी तुम्ही थट्टा केली नाहीत. तुम्हीही हात जोडलेत. "वहिनी, माझं..." एवढं म्हणालात आणि थांबलात. वहिनी थांबून राहिल्या. मीही पदर हातात धरून थांबले. वेळ आली होती, बघा. इंग्रजीत म्हणा, मराठीत म्हणा, कसंही म्हणा. तुम्ही म्हणालात, "चहा घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी तुम्ही पांढरा रंग आणि ब्रश घेऊन व्हरांड्यात बसलात. दाराच्या चौकटीच्या वर नव्या पुराची नवी रेघ ओढलीत. जुन्या रेघेशेजारी तो शब्द लिहिलात. मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "हे कुणाला?" "रेघेला," तुम्ही म्हणालात. "ही रेघ राँग होती." मी म्हटलं, "रेघ कशी राँग? ती तर खरंच सांगत होती. त्या साली पाणी तिथवरच आलं होतं. पुढं येणार नाही, असं ती कधी म्हणाली? ते कोण म्हणालं?" तुम्ही ब्रश रॉकेलच्या डबीत बुचकळलात. "तू फार कीस काढतेस." मी म्हटलं, "विशेषण कुणाला लावायचं ते तुम्हीच शिकवता." तुम्ही उठून आत गेलात. ते भांडण तिथंच राहिलं. मग अधूनमधून, जेवताना, गाडीत, देवळाच्या रांगेत, मी हळूच विचारायची, "रेघ चुकली की तुम्ही?" आणि तुम्ही ऐकू न आल्यासारखं करायचा.

तुम्हाला जाळलं, राख नदीत सोडली, तरी हे भांडण माझ्यापाशी आहे. मला त्यात जिंकायचं नव्हतं हो. मला तेवढं एक वाक्य ऐकायचं होतं, म्हणजे दोर धरलेले हात थरथरले ते मला खरंच दिसले होते, एवढं तरी आपल्या दोघांत कबूल झालं असतं.

आणि मग ती दुपार. तुम्ही जेवण अर्धं टाकून उठलात, छाती चोळत खुर्चीत बसलात. घाम आला होता. या वेळी मी विचारलं, "काय होतंय? व्हॉट इज राँग?" तुम्ही हसलात. "नथिंग राँग, बाई. वांगं बाधलं." मी रिक्षा बोलवते म्हटलं, तर हात हलवून नको म्हणालात. सोडा प्यायलात. संध्याकाळच्या दिव्याला तुम्ही नव्हता. मला तुमचा राग येतो. इतका राग येतो की फोटोपुढं उदबत्ती लावताना हात आखडतो. मग वाटतं, तुम्हीही घाबरलाच असाल. माझ्यादेखत घाबरायची तुम्हाला सवय नव्हती, एवढंच. तेव्हापासून मला "काही होत नाही" या शब्दांचीच भीती बसली आहे. कुणी धीर द्यायला तसं म्हटलं तरी माझे पाय गार पडतात.

तर, अशा मला सोडून तुम्ही गेलात आणि वर नदी आली. टीव्हीवर कोयनेचा विसर्ग वाढवल्याचं सांगत होते. कुणी म्हणत होतं खालच्या अंगाला फुगवटा धरलाय, पाणी पुढं सरकत नाही. कुणी म्हणत होतं उद्या उतरेल. गल्लीतली दोन-तीन माणसं दारापर्यंत आली, व्हरांड्यात पाहून परत फिरली. तुम्हाला विचारायला आली असणार. पोरगी पुण्याहून फोनवर रडत होती, "आई, मामाकडं विश्रामबागेत जा, तिकडं पाणी येत नाही, आत्ताच्या आत्ता जा." मी पिशव्या भरल्या. तुमचा फोटो काढून उशीच्या अभ्र्यात गुंडाळला. मग आत्यांना म्हटलं, "चला."

त्या कॉटवरून हलेनात. "कुटं जायाचं? सदानं सांगितलंय न्हवं? नवी रेघ माडीच्या खाली हाय. माडीवर बसायचं, पानी येत न्हाई."

"आत्या, मागल्या खेपेला काय झालं ते विसरलात होय?"

"इसरंन कशी? पर मी जल्मभर पान्याच्या मागं पळाले. आता पानी आलं म्हनून त्याच्याफुडं पळू व्हय?"

मी समजावलं, ओरडले, हात ओढला. त्यांनी कॉटची दांडी धरली. आत्या कधी मला उलट बोलल्या नव्हत्या, पण त्या दिवशी त्यांच्या हातात तुमचा सगळा हट्ट उतरला होता. बाहेर पाणी गटारातून उलटं वर यायला लागलं होतं. गढूळ, फेसाळ, पायरीपाशी येऊन वळायचं. चौगुले वहिनी कुलूप लावून, डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन दारात आल्या. "शालनताई, निघा आता. इचारायचं कुणाला ऱ्हायलंय?" त्या साधेपणानंच म्हणाल्या. पण मला तिथंच हुंदका आला. खरंच कुणी राहिलं नव्हतं. ठरवायचं होतं ते मी. निघावं आणि वाटेत आत्यांना काही झालं तर? थांबावं आणि पाणी नव्या रेघेच्याही वर आलं तर? पुन्हा खुर्ची, पुन्हा दोर, आणि या वेळी दोर धरणार कोण? माझे दातावर दात आपटत होते. पाऊस होता, पण थंडी नव्हती.

शेवटी जे तुम्ही असताना त्यांच्यापुढं कधी बोलले नसते ते बोलून बसले. "आत्या, ते चुकले होते. तुमचा मुलगा चुकला होता. रेघ नव्हती चुकली."

मला वाटलं, त्या मला शाप देतील. त्यांनी दांडीवरची पकड तेवढी घट्ट केली. मग म्हणाल्या, "मला काय ठावं न्हाई व्हय? खुर्चीत बसवून सोडलं तवाच कळलं मला. त्येच्या तोंडाकडं बघवत न्हवतं. तवापासनं पोरगं हासून बोललं न्हाई माझ्याशी." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "म्हनून तर म्हनतीया, हितंच बसू. ह्या येळंला पानी न्हाई यायाचं. येकदा तरी त्येचं बरूबर निघूं दे गं. गेल्यावर तरी निघूं दे."

अहो, तुमची आई तुम्हाला बरोबर ठरवायला पाण्यात बसायला तयार होती. मी तिथं खाली, त्यांच्या पायाशी बसले. आणि मग जे सुचलं ते बोलले. "आत्या, तुम्ही इथं बसलात आणि पाणी आलंच, तर ते दुसऱ्यांदा चुकतील. तुमच्यापायी चुकतील. आणि या वेळी ते काही करूही शकणार नाहीत. आपण निघून गेलो तर कसंही होऊ दे, चूक असेल ती माझी. त्यांच्या अंगावर काही येणार नाही."

गटाराचं पाणी व्हरांड्यात आलं, त्याचा पसरण्याचा आवाज मला ऐकू येत होता. मग त्यांनी कॉटची दांडी सोडली. "माझी काठी कुटं हाय?" म्हणाल्या. वहिनींनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं. पाण्यातून पाय टाकताना त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा तसंच "सदाऽ" म्हटलं. मी म्हटलं, "मी आहे, आत्या." हे वाक्य तुमचं होतं. माझ्या तोंडून ते अगदीच लटपटत बाहेर पडलं.

विश्रामबागेत भावाच्या घरी मी दर थोड्या वेळानं फोन बघत होते. पाणी चढतंय, पाणी थांबलंय, पुन्हा चढतंय. घराचा विचार आला की तो फ्रिजचा आवाज यायचा. तुमच्या फोटोला मी उशीच्या अभ्र्यातून बाहेरही काढलं नाही. तुम्हाला काय तोंड दाखवायचं होतं मला? मी तुमची रेघ, तुमची माडी, तुमचं बोलणं, सगळं मोडून आले होते. खरं सांगू? एका बाजूनं पाणी यावं असं मला वाटत होतं. यावं आणि माझं बरोबर निघावं. असं वाटलं आणि मी दचकले. घर बुडावं म्हणून देवाला हात जोडणारी बाई मीच का? तुम्हालाही त्या वेळी रेघेकडं बघताना असंच व्हायचं का? आपलं बरोबर निघावं म्हणून माणूस काय काय मागत बसतो, ते मला भावाच्या घराच्या खिडकीत बसून कळलं, आणि तुमच्यावरचा माझा अर्धा राग तिथंच उतरला.

पाणी उतरल्यावर आम्ही परत आलो. गल्लीत तोच वास, तोच चिखल. कुलूप अडकलं होतं, चौगुले वहिनींनी किल्ली फिरवून दिली. दार लोटलं आणि मी आधी भिंतीकडं पाहिलं.

पाणी रेघेपर्यंत आलं नव्हतं. नव्या रेघेची गोष्ट सोडाच, ते तुमच्या जुन्या, लाल, बदनाम रेघेच्याही चांगलं हातभर खाली थांबलं होतं. तिच्याखाली ओला पट्टा, वर कोरडी भिंत. माडीवरच्या गाद्या जशाच्या तशा. आत्यांना घेऊन इथं बसले असते तरी काही झालं नसतं. अगदी काही झालं नसतं. तुम्ही म्हणाला असतात तसंच.

मी त्या भिंतीपुढं उभी राहिले आणि अहो, मला हसू आलं. रडतही होते, तोंडातल्या तोंडात तुमच्याशी बोलतही होते, पण हसू आलं. आत्या काठी टेकत मागं येऊन उभ्या राहिल्या. भिंतीकडं बघून त्यांच्या तोंडावर जे आलं ते तुम्ही बघायला हवं होतं. वडूजला टँकर आल्यावर त्यांचं तोंड असं व्हायचं म्हणून तुम्ही सांगायचा.

"बगितलंस? म्हनलं न्हवतं?" त्या म्हणाल्या. "काय बोलाय लागलीस त्येला?"

"म्हटलं, तुम्ही बरोबर निघालात. माझं चुकलं."

"तसं न्हाई," आत्या म्हणाल्या. "विंग्रजीत सांग. त्येला विंग्रजीत लय बरं वाटतं."

मग मी सांगितलं. पदरानं तोंड पुसून, वर्गात उभी राहिलेल्या पोरीसारखं हात बांधून मोठ्यानं सांगितलं, "आय वॉज राँग, सर." काही झालं नाही. भिंत कोसळली नाही, माझं काही कमी झालं नाही. इतकं हलकं वाक्य होतं ते. तुम्ही ते इतकी वर्षं छातीवर का घेऊन बसलात?

चिखल काढून झाला आहे. भिंत धुताना वहिनी म्हणाल्या, तो शब्द घासून काढू का? मी नको म्हटलं. तुम्ही तो लिहिलात तेव्हा त्याच्यापुढं कुणी उभं नव्हतं, म्हणून तो इतके दिवस तसा लोंबकळत राहिला. आता त्याच्यापुढं मी उभी राहिले आहे. वाक्य पूर्ण झालं आहे, आणि रेघ चुकली की तुम्ही, हे मी यापुढं विचारणार नाही.

पण पावसाळा अजून संपलेला नाही. भाद्रपदातही पाणी येतं, तुम्हाला ठाऊक आहे. आज सकाळी पुन्हा भोंग्याची गाडी फिरून गेली. आत्यांची काठी मी दाराशी ठेवली आहे, पिशव्या भरलेल्याच आहेत, आणि माझे पाय आत्तापासून गार आहेत. या वेळीही मी निघणार. पुढच्या वर्षीही निघणार. जोवर आत्या आहेत आणि नदी आहे तोवर दर वेळी घाबरून, तुमचं न ऐकता, निघणार. तुमच्याकडं एकच मागणं आहे, तेवढं बघा. दर वेळी मी परत येऊन दार लोटीन, तेव्हा ती रेघ कोरडी असू दे, आणि मला राँग ठरवा.